दुसऱ्यांचा व्हिडिओ गेम बघताना नेमके काय बघायचे?

प्रश्न (रावेर)
माझा पुतण्या सुटीत घरी आला की स्वतः खेळण्यापेक्षा इतरांचे बीजीएमआय या मोबाइलवरच्या गोळीबाराच्या खेळाचे सामने यूट्यूबवर तीन-तीन तास बघत बसतो. जत्रेतल्या कुस्त्यांच्या दंगली मी रेवड्यांच्या जोडीपासून शेवटच्या जोडीपर्यंत बघत आलो असल्यामुळे बघण्याचा नाद मला कळतो. तेव्हा तक्रार नाही. परंतु आखाड्यात दोनच पैलवान असतात आणि कोणता डाव लागला, ढाक की कलाजंग, हे ओळखता येते. येथे चित्र सतत एका खेळाडूवरून दुसऱ्यावर उडते. नवख्याने लक्ष कशावर ठेवावे?

उत्तर 1 (धुळे)
काका, आपली अडचण रास्त आहे, कारण येथे 4 खेळाडूंचे 16 संघ, म्हणजे 64 जण, एकाच वेळी उतरलेले असतात. गोळीबार सोडा, नकाशा बघा. त्यावरचे सुरक्षित वर्तुळ टप्प्याटप्प्याने आकसते आणि बाहेर राहणाऱ्याची शक्ती घटत जाते, त्यामुळे कोणी आधीच उंचावरचे घर धरले आणि कोणाला उघड्या शेतातून धावावे लागणार, यातच निम्मा सामना ठरतो. गुणांचा हिशेबही रंजक आहे. प्रचलित पद्धतीत शेवटपर्यंत टिकलेल्या पहिल्या संघाला 10, दुसऱ्याला 6, आणि बाद केलेल्या प्रत्येक खेळाडूमागे 1 गुण मिळतो. म्हणून 7 जणांना बाद करून दुसरा आलेला संघ, दोघांनाच बाद करून जिंकलेल्या संघाच्या पुढे जातो.

उत्तर 2 (भुसावळ)
चित्र उडवणारा माणूस मीच असतो, अर्थात महाविद्यालयीन स्पर्धांपुरता. त्याला ऑब्झर्वर म्हणतात. तो खेळत नाही, कोणाच्या नजरेतून सामना दाखवायचा एवढेच ठरवतो, आणि चकमक सुरू होण्याआधी तेथे पोहोचणे हे त्याचे खरे कसब. एका स्नेहसंमेलनात शेवटचे दोन संघ भिडले तेव्हा मी गवतात लपलेला तिसराच गडी दाखवत होतो, त्यावर सभागृहाने जो ओरडा केला तो अजून कानात आहे. भिंतीमागे कोण दबा धरून आहे हे प्रेक्षकाला दिसते, खेळाडूला दिसत नाही. ही माहिती खेळाडूंपर्यंत पोहोचू नये म्हणून मोठ्या स्पर्धांचे प्रक्षेपण मुद्दाम उशिराने दाखवतात.

उत्तर 3 (शहादा)
प्रेक्षक जमतात, हे मान्य. सोलच्या ज्या स्टेडियमवर 2002 च्या फुटबॉल विश्वचषकाचा उपांत्य सामना झाला, तेथेच 2014 मध्ये लीग ऑफ लेजेंड्स या व्हिडिओ गेमच्या अंतिम सामन्याला सुमारे 40,000 लोक बसले होते. माझा आक्षेप वेगळा आहे. आखाड्याची माती कोणा कंपनीची नसते. बीजीएमआय जुलै 2022 मध्ये ॲप स्टोअरवरून हटवला गेला आणि मे 2023 मध्ये परतला. या दहा महिन्यांत त्याच्या खेळाडूंनी आणि प्रेक्षकांनी करायचे काय? कुस्तीला असे कोणी काढून घेऊ शकत नाही.

प्रश्नकर्ता (रावेर)
शहाद्याच्या भाऊंचा मुद्दा पटला, तरी रविवारी पुतण्याशेजारी बसून केवळ नकाशा पाहिला. वर्तुळ पलीकडे सरकल्यामुळे एका संघाला पूल ओलांडावाच लागणार, हे त्याच्याआधी मला दिसले. नेमके त्याच क्षणी, भुसावळकर, तुमच्या व्यवसायबंधूने चित्र दुसरीकडे नेले.