शब्दचर्चा: ‘अर्निंग्ज मॅनेजमेंट’ला मराठीत काय म्हणायचं?

शब्दवेडी: औषध कंपन्यांमधलं कॉर्पोरेट गव्हर्नन्स आणि अर्निंग्ज मॅनेजमेंट यांच्या संबंधावर प्रबंध आहे, त्याचा सारांश मराठीत लिहितेय. ‘निगम शासन’ आणि ‘उत्पन्न व्यवस्थापन’ असं लिहिलं, तर आईने विचारलं, “हे सरकारी महामंडळाबद्दल आहे का गं?”

ताळेबंद: आईंचं बरोबर आहे. आपल्याकडे शासन म्हणजे मंत्रालय, नाहीतर शिक्षा. ‘कंपनी कारभार’ लिहा. कारभारी आला की त्याच्यावर नजर कोणाची, हे ओघानेच येतं. २०१३ च्या कंपनी कायद्यात सूचीबद्ध कंपनीच्या मंडळावर किमान एक तृतीयांश स्वतंत्र (कंपनीत हितसंबंध नसलेले) संचालक आणि ऑडिट कमिटीत त्यांचं बहुमत सांगितलंय, ते त्या नजरेसाठीच.
‘उत्पन्न’ मात्र चूक. इथे अर्निंग्ज म्हणजे खर्च वजा जाता उरतो तो नफा, आणि तो हिशेबात हवा तसा दिसेल अशी व्यवस्था करणं म्हणजे अर्निंग्ज मॅनेजमेंट.

गोळीवाला: मी एमआर, म्हणजे औषध कंपनीचा विक्री प्रतिनिधी होतो. मार्च एंडला स्टॉकिस्टच्या गोडाऊनमध्ये खोकी छताला टेकायची. “आत्ता ठेवून घ्या शेठ, नाही खपलं तर परत नेतो.” मार्चमध्ये विक्री, मे महिन्यात गुड्स रिटर्न. आम्ही याला ‘माल ढकलणे’ म्हणायचो.

ताळेबंद: हेच अमेरिकेत ब्रिस्टल-मायर्स स्क्विबने मोठ्या प्रमाणावर केलं. २००० आणि २००१ मध्ये घाऊक व्यापाऱ्यांकडे गरजेपेक्षा जास्त औषधं ढकलली, वर माल साठवण्याचा खर्च आणि त्यांच्या गुंतवणुकीवरच्या परताव्याची हमीही स्वतःच दिली. २००४ मध्ये एसईसीकडे, म्हणजे तिथल्या शेअर बाजार नियामकाकडे, १५ कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवलं.
पण तो झाला गैरप्रकार. अर्निंग्ज मॅनेजमेंट कायद्यात राहूनही होतं. इंड एएस ३८ या भारतीय हिशेब मानकाप्रमाणे औषधाच्या संशोधनाचा खर्च त्याच वर्षी नफ्यातून जातो; विकासाचा खर्च, अटी पूर्ण झाल्या तर, मालमत्ता म्हणून दाखवता येतो. संशोधन संपून विकास सुरू कधी झाला? तो अंदाज कंपनीचाच. टप्पा लवकर गाठला म्हटलं की यंदाचा नफा फुगतो. म्हणून ‘हेराफेरी’ नको, फार जड होतो.

शब्दवेडी: मग व्यवस्थापनच ठेवू?

कोल्हापुरी: मुळमुळीत आहे ओ ते. गंमत बघा, ‘मॅनेज’ आपल्याकडे आधीच बिघडलाय, आणि नेमका पाहिजे तसा. कुस्ती मॅनेज, उमेदवार मॅनेज. ‘नफा मॅनेज केला’ म्हणा, गावात कुणाला टीप लागायची नाही.

ताळेबंद: बोलताना झकास. लिहिताना ‘नफ्याची जुळवाजुळव’. लग्नखर्चाची करतो तशी: चोरी असेलच असं नाही, ओढाताण नक्की.

शब्दवेडी: आवडलं. म्हणजे वाक्य असं होईल: ‘स्वतंत्र संचालक नुसते सह्यांपुरते असले, की नफ्याच्या जुळवाजुळवीला मोकळं रान मिळतं.’

गोळीवाला: ‘सह्यांपुरते’ कशाला? ‘सह्याजीराव’ लिहा की!

शब्दवेडी: दादा, गाइडसुद्धा वाचणार आहेत हो.