मेथोट्रेक्सेट एवढ्यात बंद करू नका
ताई, सासूबाईंची आमवाताची मेथोट्रेक्सेट 15 दिवसांत गुण नाही म्हणून बंद करायची म्हणता, पण थोडं थांबा. हिचा गुण यायला 6 ते 12 आठवडे लागतात. गोळी आठवड्यातून एकदाच. रोज घेतली तर जिवावर बेततं. आईच्या पाकिटावर आम्ही पेनानं ठळक 'सोमवार' लिहितो, फॉलिक अ‍ॅसिडच्या (मेथोट्रेक्सेटचा त्रास कमी व्हावा म्हणून सोबत देतात त्या जीवनसत्त्वाच्या गोळीच्या) पाकिटावर 'मंगळवार'. रक्ताच्या, लिव्हरच्या तपासण्या चुकवू नका. आपल्याकडं परभणी-बीडच्या बाजारात वाताची पुडी मिळते, ती तर अजिबात नको. तसल्या पुड्यांत कित्येकदा स्टिरॉइड मिसळलेलं असतं. आणि सकाळी बोटं आखडलेली असताना त्यांना भाकरी थापायला लावू नका. कोमट पाण्यात हात शेकू द्या.