गैरव्यवहाराची तक्रार नावानिशी करावी का?

धागाकर्ती: राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातले अभियंते सत्येंद्र दुबे यांनी झारखंडमधल्या महामार्गाच्या कामातली लूट पंतप्रधान कार्यालयाला कळवली आणि नाव गुप्त ठेवण्याची विनंतीही केली. तरी ते पत्र नावासकट फायलींतून फिरलं. 27 नोव्हेंबर 2003 ला गयेत त्यांचा खून झाला. तक्रारदारांच्या संरक्षणाचा कायदा यायला 2014 उजाडलं आणि तो लागू करणारी अधिसूचना वर्षानुवर्षं निघालीच नाही. म्हणून मी कुणालाही नाव देऊन तक्रार कर असं सांगणार नाही.

जुना_हिशेबनीस: कोर्टात तो वाटमारीतला खून ठरला, हेही सांगायला हवं. पत्रातलं नाव फुटलं ही अक्षम्य चूक, यात वाद नाही. पण निनावी पत्राची दखल केंद्रीय दक्षता आयोग घेत नाही. केंद्र सरकारच्या 2004 च्या ठरावानुसार नाव-पत्ता आतल्या कागदावर द्यायचा, पाकिटावर नाही. आयोग ओळख गुप्त ठेवतो. एवढी वाट उपलब्ध असताना लोकांना गप्प बसवू नका.

धागाकर्ती: ही वाट केंद्र सरकारची खाती आणि त्यांच्या कंपन्यांपुरती आहे. खासगी नोकरीतल्याने कुठे जायचं?

जुना_हिशेबनीस: शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 177 खाली तक्रारीची यंत्रणा ठेवावीच लागते. गरज पडल्यास थेट संचालक मंडळाच्या लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षांकडे जाता येतं.

खरेदी_विभाग: कागदावर. आमच्याकडे एका सहकाऱ्याने न आलेल्या मालाची बिलं दाखवून दिली. चौकशी सुरू व्हायच्या आधी त्याची बदली झाली. लेखी कारण काय, तर ‘कामाची गरज’. सूडाची बदली सिद्ध कशी करणार? घरी दोन मुलं, फ्लॅटचा हप्ता. मी त्याच्या जागी असतो तर बोललो नसतो, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

नाशिककर: मनमाडजवळ 25 जानेवारी 2011 ला अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना इंधन भेसळ करणाऱ्यांनी जाळलं. ते तर आपलं काम करत होते, नाव लपवायचा प्रश्नच नव्हता. धोका गुन्हेगार मोकाट असण्यात आहे आणि सगळे गप्प राहिले की तो वाढतो.

खरेदी_विभाग: पटतं. पण त्या सहकाऱ्याला तेव्हा आमच्यापैकी चौघांनी सही दिली असती, तर बदली एवढी सोपी गेली नसती. एकट्याला पुढे करून पाठ थोपटू नका.

जुना_हिशेबनीस: मग सामूहिक सही करा. आवक क्रमांक आणि पोच घ्या, बिलांच्या प्रती घरी ठेवा. पण करा.