पपईला फुलं भरपूर, पण फळ एकही धरत नाही

परसदार: बाजारातल्या पपईच्या बियांपासून आलेलं झाड, वय दीड वर्ष. हातभर लांब देठांवर फुलांचे घोस लोंबतात आणि गळून जातात. खत कमी पडतंय का? खोडात खिळा ठोकला की फळं धरतात म्हणतात, ते खरं का?

रोपवाटिका: खताचा प्रश्नच नाही, झाड नर आहे. नराची फुलं अशीच येतात, लांब देठावर, बारीक नळीसारखी. मादीचं फूल पानाच्या बेचक्यात खोडाला चिकटून येतं, मोठं, एकटं किंवा दोन-तीन. पाकळ्या बाजूला केल्या की आत फुगीर हिरवट गाठ दिसते, तिचीच पुढे पपई होते. खिळा अजिबात ठोकू नका. पपईचं खोड मऊ आणि आतून पोकळ असतं, जखमेतून कूज शिरते.

परसदार: मग हे तोडून टाकू? नवीन रोप मादी आहे हे लावतानाच कसं ओळखायचं?

शेतीमित्र: रोपावरून ओळखता येत नाही, फूल येईपर्यंत थांबावंच लागतं. म्हणून एका खड्ड्यात तीन रोपं लावायची. साध्या वाणात साधारण निम्मी झाडं नर निघतात, म्हणजे तिन्ही नर असण्याची शक्यता आठात एक. बियांवरचं बुळबुळीत आवरण राखेत चोळून धुवा, ते राहिलं तर उगवण लांबते. सावलीत वाळवून पिशवीत १ सेंमी खोल पेरा. रोपं वीतभर झाली की दीड फूट लांब-रुंद-खोल खड्ड्यात लावा. फुलं आली की एक मादी ठेवून बाकीची जमिनीलगत कापा. उपटलीत तर मादीची मुळं दुखावतील. आणि जुना नर तोडू नका! परागासाठी तोच लागणार, दहा माद्यांना एक पुरतो.

रोपवाटिका: जागा एकाच झाडाची असेल तर तैवान ७८६ या वाणाचं रोप आणा. त्यात नर झाड नसतं, झाडं मादी किंवा द्विलिंगी असतात, म्हणजे एकाच फुलात नर-मादी दोन्ही भाग असलेली. द्विलिंगी झाडाची फळं लांबट, मादीची गोलसर. कडक उन्हाळ्यात द्विलिंगी झाडाची काही फुलं नरासारखी होऊन गळतात, तेव्हा घाबरून खत ओतू नका.

शेतीमित्र: जपायचं ते पाण्याला. बुंध्याशी दोन दिवस पाणी तुंबलं तरी पानं पिवळी पडतात आणि बुंधा सडतो. खोडाला मातीची भर द्या आणि तिच्या बाहेर गोल आळं करून पाणी तिथेच सोडा.