इग्लू, कुल्लिक आणि 'इनुइट्स': काही शब्दांची चर्चा

विचारणा

एका दिवाळी अंकाच्या मुलांच्या विभागासाठी मी एका लेखाचे भाषांतर करत आहे. लेख कॅनडाच्या उत्तरेकडील इनुइट लोक कायमच्या वसाहतींत स्थिरावण्यापूर्वी कसे राहत, याविषयी आहे. पहिल्याच परिच्छेदात माझे अडले. "एस्किमो बर्फाच्या घरात राहतात, त्या घराला इग्लू म्हणतात" हे वाक्य आपण सगळेच लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु मूळ लेखात 'एस्किमो' हा शब्द एकदाही येत नाही, आणि 'इग्लू' मात्र लाकडी घरालाही वापरलेला आहे. शिवाय 'कुल्लिक' नावाच्या वस्तूला मी एका पानावर दिवा आणि पुढच्या पानावर चूल म्हटले, आणि संपादकांनी दोन्ही शब्दांखाली लाल रेघ ओढून पाठवली. 'इनुइट्स' हे अनेकवचन चालेल का, आणि 'बर्फ' या एका शब्दावर किती भार टाकावा, हेही जाणकारांनी सांगावे.

पहिले उत्तर

'इनुइट्स' टाळावे. इनुइट लोकांच्या इनुक्टिटुट भाषेत 'इनुक' म्हणजे एक माणूस आणि 'इनुइट' म्हणजे माणसे; त्यामुळे 'इनुइट' हे आधीच अनेकवचन आहे आणि त्याला इंग्रजी 'स' जोडणे म्हणजे 'माणसेज' म्हणण्यासारखे आहे. या दोहोंच्या मध्ये 'इनूक', म्हणजे दोन माणसे, असे तिसरे रूप आहे, हे संस्कृत शिकलेल्यांना विशेष रुचेल. 'रामः, रामौ, रामाः' घोकताना आपण ज्या द्विवचनाला कंटाळलो आणि जे मराठीने केव्हाच टाकून दिले, ते या भाषेत रोजच्या बोलण्यात जिवंत आहे. कुत्र्यांनी ओढायच्या घसरगाडीला 'कामुतीक' म्हणतात, तेही रूप द्विवचनीच आहे, कारण गाडीखाली लांब धावपट्ट्या दोन असतात. ग्रीनलंडच्या बोलीने मात्र आपल्यासारखेच द्विवचन सोडले आहे.

'एस्किमो' हा शब्द त्या लोकांचा नव्हे. इनुक्टिटुटमध्ये मूळ स्वर तीनच आहेत, अ, इ आणि उ, त्यांचे ऱ्हस्व-दीर्घ भेद धरून. त्यामुळे 'ए'ने सुरू होऊन 'ओ'ने संपणारा हा शब्द स्वतःच आपण बाहेरचे असल्याचे सांगतो. त्याचा अर्थ 'कच्चे मांस खाणारे' असा पूर्वी सर्रास दिला जाई. आज भाषाभ्यासकांचा कल हा शब्द शेजारच्या, इनुइटांहून वेगळ्या असलेल्या इनू लोकांच्या भाषेतील 'बर्फावर चालण्याचे जाळीदार जोडे विणणारा' अशा अर्थाच्या शब्दाशी जोडण्याकडे आहे. व्युत्पत्ती कोणतीही असली, तरी लोकांना तो नको आहे, हे पुरेसे आहे. १९७७ साली अलास्कातील बॅरो येथे निरनिराळ्या देशांतील त्यांचे प्रतिनिधी जमले, तेव्हा त्यांनी 'इनुइट' हेच नाव स्वीकारले. मात्र प्रत्येक जुन्या 'एस्किमो'च्या जागी डोळे मिटून 'इनुइट' घालू नये. अलास्का आणि सायबेरियातील युपिक लोक स्वतःला इनुइट म्हणवत नाहीत.

१ एप्रिल १९९९ रोजी अस्तित्वात आलेल्या कॅनडातील नुनावुत प्रदेशाच्या नावाचा अर्थही आपण लेखात देणार असाल. 'नुना' म्हणजे भूमी आणि '-वुत' म्हणजे आमची किंवा आपली. मराठीत या दोहोंतून एक निवडावेच लागते. लेख बाहेरच्या वाचकाला सांगतो आहे, म्हणून मी 'आमची' घेईन.

दुसरे उत्तर

इग्लूविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण येथे मराठीने इंग्रजीवाटे आलेला आकुंचित अर्थ जसाच्या तसा उचलला आहे. मूळ भाषेत 'इग्लू' म्हणजे घर. ते दगडमातीचे असो, लाकडाचे असो की आजच्या गावातले हीटर असलेले असो. बर्फाच्या घराला वेगळा शब्द आहे, 'इग्लुवियाक'. ते बांधण्याची रीत प्रामुख्याने कॅनडाच्या मध्य उत्तर भागातील. ग्रीनलंडमध्ये हिवाळ्याची घरे बहुतांशी दगड आणि गवताळ मातीच्या ढेकळांची असत, आणि उन्हाळा आला की सगळीकडेच कातड्याचे तंबू पडत, ज्यांना 'तुपिक' म्हणतात. म्हणजे वर्षाचे बारा महिने बर्फाच्या घुमटात राहणारे कुटुंब हे आपल्या चित्रकलेच्या वहीतच आहे.

इग्लुवियाकसाठी कोणताही बर्फ चालत नाही. एकाच वादळात वाऱ्याने दाबून घट्ट बसवलेला थर लागतो. बांधणारा सळईसारखी काठी खुपसून तो चाचपतो, आणि काठी एकसारख्या जोराने आत गेली तरच 'पाना' हा लांब पात्याचा सुरा काढतो. कापलेल्या तुकड्यांना मराठीत 'विटा' म्हणण्याचा मोह होतो, परंतु वीट लहान आणि हातात मावणारी असते. मी 'चिरे' म्हणेन, जसे कोकणात जांभ्याचे चिरे म्हणतो. पहिली ओळ मांडून झाली की तिचे काही चिरे तिरपे तासतात, त्यामुळे पुढची ओळ जिन्यासारखी वर चढत जाते आणि संपूर्ण घुमट एका अखंड वळशात, आत झुकत, पुरा होतो. बांधणारा आतच उभा असतो. प्रवेशाची वाट झोपण्याच्या ओट्यापेक्षा खाली ठेवतात, म्हणजे जड गार हवा खालीच राहते आणि ओट्यावर पसरलेल्या कॅरिबूच्या (उत्तरेकडील हरणाच्या) कातड्यांवर झोपणाऱ्यांना ऊब मिळते. हा 'ओटा' शब्द आपल्याकडे असताना 'बेड' किंवा 'प्लॅटफॉर्म' कशाला लिहावा?

तिसरे उत्तर

संपादकांची लाल रेघ मला योग्य वाटते. कुल्लिक दिवा आहे आणि चूलही आहे, म्हणूनच दोहोंपैकी एकच शब्द वापरला तर मुलांच्या डोळ्यांपुढे चुकीची वस्तू उभी राहील. शंखजिऱ्याच्या मऊ दगडातून कोरलेले ते अर्धचंद्राकृती उथळ पात्र असते. त्यात सील या समुद्री प्राण्याची चरबी ठेचून निघालेले तेल घालतात आणि सरळ कडेला शेवाळ व रानकापसासारख्या एका गवताचे तंतू मिसळून केलेली वात पसरतात. समईला जशा वेगवेगळ्या ज्योती असतात तशा येथे नसतात. कडेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बुटकी ज्योत सलग पेटलेली असते. 'ताक्कुत' नावाच्या काडीने ती वात सारखी करत राहावे लागते, नाहीतर धूर होतो आणि काजळी धरते. हे काम घरातील बाईचे. वर टांगलेल्या भांड्यात मांस शिजते किंवा पिण्यासाठी बर्फ वितळतो, त्याच्याही वरच्या जाळीवर ओले जोडे आणि हातमोजे वाळतात. झाडच नसलेल्या मुलखात सरपण कुठून आणणार? म्हणून उजेड, ऊब, स्वयंपाक आणि पाणी या चारही गोष्टी एका दगडी पात्रावर अवलंबून होत्या. माझी सूचना अशी की शब्द 'कुल्लिक' हाच ठेवावा, पहिल्या उल्लेखात 'चुलीचेही काम करणारा दगडी दिवा' असे म्हणावे, आणि पुढे क्रियापदांवर लक्ष द्यावे: कुल्लिक 'पेटवतात' यापेक्षा 'तेवत ठेवतात' हे अधिक खरे आहे.

त्याच घरातील 'उलू' या शब्दावर मुले हसतील, तर हसू द्यावीत. ती बायकांची अर्धगोल पात्याची सुरी आहे. तिला 'विळी' म्हणू नये. विळीचे पाते स्थिर असते आणि आपण वस्तू त्यावर नेतो. उलूची मूठ पात्याच्या वर मधोमध असते आणि हात पुढेमागे झुलवून कातडे सोलतात किंवा मांस कापतात.

विचारणा करणारीचा प्रतिसाद

आपणां सर्वांचे आभार. 'चिरे' आणि 'ओटा' मी घेतले. 'आमाउती' या बायकी अंगरख्यासाठी मी 'झोळी असलेला कोट' लिहिले होते, परंतु मूल झोळीसारखे लोंबत नाही, ते टोपीखालच्या खिशात आईच्या पाठीला बिलगून बसते. म्हणून आता 'मुलाला पाठुंगळी घेता येईल असा अंगरखा' असे केले आहे. बर्फाचा प्रश्न राहिलाच, आणि त्याला जोडून सीलच्या शिकारीचाही.

चौथे उत्तर

"त्यांच्याकडे बर्फाला शंभर शब्द आहेत" हे वाक्य लेखात असेल तर कृपया गाळावे. मानवशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांनी १९११ साली उदाहरणादाखल चार वेगळी मुळे दिली होती, आणि पुढच्या लेखकांनी न तपासता तो आकडा फुगवत नेला. या भाषेत धातूला प्रत्ययांमागून प्रत्यय जोडून वाक्याएवढा शब्द होतो, त्यामुळे शब्द मोजण्यालाच फारसा अर्थ उरत नाही. मुळे वेगळी आहेत हे मात्र खरे, आणि मराठीत विशेषणे लावून ती चांगली सांगता येतात. 'कानिक' हा पडता बर्फ, 'आपुती' हा जमिनीवर साचलेला, 'माउयाक' म्हणजे ज्यात पाय रुततो तो भुसभुशीत बर्फ, आणि 'पुकाक' हा थराच्या तळाशी साखरेसारखा सुटा झालेला. शेवटच्यासाठी 'रवाळ' हा शब्द आपल्या तुपाने तयारच ठेवला आहे. समुद्र गोठून झालेल्या बर्फाला 'सिकू' म्हणतात आणि त्याचा वरच्यांशी संबंध नाही. मराठीत दोहोंना 'बर्फ'च असल्याने तेथे 'समुद्रावरचा बर्फ' किंवा 'गोठलेला समुद्र' असे दरवेळी स्पष्ट लिहावे, कंटाळा आला तरी.

शिकारीच्या वर्णनात 'दबा धरून बसतो' लिहू नये. सील श्वास घेण्यासाठी नख्यांनी सिकूमध्ये भोके उघडी ठेवतो. अशा भोकाला 'आग्लू' म्हणतात, ते वरच्या बर्फाने झाकलेले असते आणि कुत्रा वासाने शोधतो. शिकारी तेथे पायाखाली कातड्याचा तुकडा घेऊन, भाला तयार ठेवून, कित्येकदा तासन्‌तास निश्चल उभा राहतो, कारण पावलाचा जरासा आवाज बर्फातून पाण्यात पोहोचतो. दबा धरणारा दडलेला असतो, हा मोकळ्या पठारावर उघडा उभा आहे. 'बकध्यान' दृश्याला अगदी चपखल बसते, पण मराठीत त्या शब्दाला ढोंगाचा वास आहे, तेव्हा तोही नको. 'आग्लूवर खिळून उभा राहतो' असे मी लिहीन.