कातिनच्या हत्या सोव्हिएतांनीच केल्या, हे कशावरून?

प्रश्न: रशियात स्मोलेन्स्कजवळच्या कातिनमध्ये गोळ्या घालून पुरलेल्या पोलिश कैद्यांच्या खड्ड्यांत जर्मन बनावटीच्या गोळ्या सापडल्या होत्या ना? मग पोलिश लोक मॉस्कोला दोषी का धरतात?

प्रतिसाद १: गोळ्या जर्मन होत्या हे खरं, ७.६५ मिमीच्या. पण तशी पिस्तुलं आणि काडतुसं एनकेव्हीडी, म्हणजे सोव्हिएत गुप्त पोलीसही वापरत असत. कळीचा मुद्दा तारखांचा आहे. मृतांच्या खिशातली पत्रं, डायऱ्या, वर्तमानपत्रं १९४० च्या वसंतात थांबतात. जर्मन सैन्य स्मोलेन्स्कला पोचलं जुलै १९४१ मध्ये!

प्रतिसाद २: शिवाय ५ मार्च १९४० चा पॉलिटब्युरोचा (सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाच्या सर्वोच्च समितीचा) निर्णय आहेच, एनकेव्हीडीप्रमुख बेरियाच्या प्रस्तावावर स्टालिनच्या सहीसकट. सुमारे २२,००० माणसं मारली. कातिन ही त्यातली एकच जागा. कोझेल्स्क छावणीचे कैदी तिथे मारले, स्तारोबेल्स्क छावणीचे खारकिव्हला, ओस्ताश्कोव्ह छावणीचे कालिनिनला.

प्रतिसाद ३: हत्येइतकंच नंतरचं खोटं सलतं, की हे जर्मनांनी केलं. १९४३ मध्ये पोलिश निर्वासित सरकारने रेडक्रॉसकडे चौकशी मागितली, तर मॉस्कोने त्यांच्याशीच संबंध तोडले. मॉस्कोची कबुली आली थेट १९९० मध्ये. पुढे रशियाने २००४ मध्ये तपास बंद केला आणि तो बंद करण्याचा निर्णयही गुप्त ठेवला. हे अक्षम्य आहे. कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिलेली बहुतेक पोलिश कुटुंबंही १९४०-४१ च्या सोव्हिएत हद्दपारीतूनच आलेली होती.