अनुभव धागा: गावानं राखलेलं जंगल, तलाव, माळ. तुमच्याकडे कसं जमलं?

नमस्कार मंडळी. झाडं लावतानाचे फोटो दर पावसाळ्यात सगळेच टाकतात, मला त्याच्या पुढचं वाचायचंय. लावलेलं राखतं कोण, गस्त कोण घालतं, वनखात्याशी नाहीतर संस्थेशी कसं जुळवून घेतलं, पैसा कुठून आला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क (आपलं जंगल गावानं वापरायचा-राखायचा कायदेशीर हक्क) मिळाला, ते विदर्भात सगळ्यांना माहीत आहे, पण नाव न झालेली कितीतरी गावं हेच काम करून राह्यली. त्यांच्याबद्दल लिहा. लहान असो मोठं असो, आपल्या भाषेत लिहा.

रायमुनिया (अचलपूरकडचा)
आमच्या बाजूला पायविहीर आहे, २०१२ मध्ये त्यांना वनहक्क मिळाला आणि २०१४ मध्ये जैवविविधतेचा पुरस्कारही. आमचं गाव त्यांचं पाहूनच कामाला लागलं. टेकडीवर नुसती रायमुनिया (घाणेरी) होती, गुरांना खायला काडी नाही. ती वरून छाटली की पावसात दुप्पट फुटते. संस्थेच्या पोरांनी दाखवलं की खोडाच्या बाजूची माती उकरायची, जमिनीखाली मुळाच्या मानेवर कुदळीनं तोडायचं आणि झुडूप तिथंच उलटं करून ठेवायचं, म्हणजे मूळ वर, फांद्या खाली. ते वाळून जातं, पुन्हा रुजत नाही. पण पक्षी बी आणून टाकतातच, म्हणून पुढची दोन-तीन वर्षं कोवळी रोपं उपटत राहावं लागतं आणि लोक दमतात ते इथंच. आमच्याकडे ते बायांच्या बचत गटानं अंगावर घेतलं, कारण मोकळ्या झालेल्या जागेतलं सीताफळ त्याच विकतात. ज्याला फळ त्यालाच राखण, हे ग्रामसभेत ठरलं म्हणून टिकलं.

बोडीवाला (गोंदिया)
आमच्याकडे जंगलापेक्षा तलावाची गोष्ट जी. भंडारा-गोंदिया-चंद्रपूर-गडचिरोलीत मालगुजारी तलाव आहेत हजारोंनी, कोहळी लोकांनी कितीतरी पिढ्या आधी बांधलेले. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी (इकडची जमीनदारी) गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि पाळ (तलावाचा बांध) दुरुस्त करणं हे कोणाचंच काम राहिलं नाही. आमच्या तलावात अर्ध्या भागात बेशरमाची झुडपं. तिची कांडी चिखलाला टेकली की तिथून नवीन मूळ धरते, म्हणून नुसतं कापून पाण्यात सोडून देणं म्हणजे पेरणी केल्यासारखं. उन्हाळ्यात पाणी मागं सरलं की मुळासकट उपटून पाळीच्या पलीकडं नेऊन वाळवायची, हाच उपाय. ढिवर समाजाची मच्छीमार संस्था पुढं होती, शेतकरी नंतर आले, आधी त्यांचं म्हणणं की मासे यांचे, आम्ही कायले उपटू. मग बैठकीत एका म्हाताऱ्या बुवानं विचारलं, तुमचं धान कोणत्या पाण्यावर निघते ते सांगा. त्याच्यावर कोणी बोललं नाही.
ढिवर बायांनी मोकळ्या जागेत देशी पाणवनस्पती आणून लावल्या, दुसऱ्या तलावातून ओल्या पोत्यात गुंडाळून आणल्या, चिखलात पाय रोवून एकेक. लहान मासे त्यातच लपतात, अंडी घालतात. देशी मासे परत दिसू लागले. आता सारसही उतरतात कधी-कधी, आमच्या जिल्ह्यात धानाच्या बांधीत सारसाचं घरटं दिसलं की शेतकरी तेवढा तुकडा सोडून देतात, सारसमित्र लक्ष ठेवतात.

संत्रापट्टा
वरूडचा आहे. २०१६ मध्ये पहिल्या वॉटर कपला (श्रमदानानं पाणी अडवायची गावागावांची स्पर्धा) निवडलेल्या तीन तालुक्यांत आमचा होता. बोअर खोल-खोल गेल्या होत्या, संत्र्याच्या बागा वाळत होत्या. हायड्रोमार्कर काय असते ते तेव्हा समजलं: दोन काठ्या, मधात पारदर्शक नळी, नळीत पाणी. दोन्हीकडं पाणी एका मापावर आलं की ती समतल रेघ, तिथंच चर खोदायचा. दहावी नापास पोरगा इंजिनिअरसारखी रेघ काढत होता. आता ज्या गावांत दर उन्हाळ्यात चरातला गाळ काढतात तिथंच उपयोग दिसते, बाकी ठिकाणी चर बुजून सपाट झाले. याच्यासाठी वेगळा निधी पाहिजे, श्रमदानाच्या भरवशावर सोडू नये असं माझं मत.

गडचिरोलीची ताई
आमच्याकडे मोठा प्रश्न वणव्याचा. मोहफूल वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, वारा सुटला की आग पुढं जाते, रोपं करपतात. ग्रामसभेनं ठरवलं, जाळायचं नाही, झाडून घ्यायचं नाहीतर खाली जाळी पसरायची. १५ फेब्रुवारी ते १५ जून आगीचा काळ, त्यात दर घराची पाळी लावून गस्त. वनखात्यानं पाला उडवायचं मशीन दिलं, जाळरेषा (आग अडवायची मोकळी पट्टी) आम्ही साफ ठेवतो. पाळी चुकवली तर दंड, सरपंचाच्या घरालाही. तेंदू-बांबूच्या पैशातून गस्तीवाल्यांना मजुरी देतो, फुकट कोणी किती दिवस फिरेल?

कुसळ (वाशीम)
माझं म्हणणं थोडं वेगळं आहे, राग मानू नका. प्रत्येक मोकळी जागा म्हणजे पडीक नव्हे. आमच्याकडे कारंजा-सोहोळ काळविटांचं अभयारण्य आहे, ते गवतावर उभं आहे. माळावर खड्डे करून झाडं लावली की गवत जाते, त्याच्यासंगं तितर, तणमोर सगळंच. फासेपारधी मंडळींना हे कोणत्याही साहेबापेक्षा जास्त समजते. त्यांच्या सांगण्यावरून आम्ही चराईबंदी पाळतो, पवन्या गवताचं बी जमिनीवर पडल्याशिवाय विळा लावत नाही. आधी गुरं सोडली तर चांगलं गवत संपते, नुसतं कुसळ उरते. एका योजनेत आमच्याच माळावर वृक्षारोपण आलं होतं, ग्रामसभेनं ठराव करून जागा बदलायला लावली.

धागाकर्ती
@कुसळ दादा, बरं झालं लिहिलंत. @ताई, आमच्या गावाला सामूहिक वनहक्काचा दावा टाकायचाय, कागद कोणते लागतात?

गडचिरोलीची ताई
आधी ग्रामसभेत वनहक्क समिती निवडा. दावा ग्रामसभेतून उपविभागीय समितीकडं आणि तिथून जिल्हा समितीकडं जातो. पुरावा म्हणून जुनं निस्तारपत्रक नाहीतर वाजिब-उल-अर्ज (गावाचे जंगल-पाण्यावरचे वहिवाटीचे हक्क लिहिलेले जुने सरकारी कागद) चालते, म्हाताऱ्या माणसांचे जबाबही लिहून घ्या, आणि हद्द फिरताना शेजारच्या गावाला सोबत घ्या, नाहीतर नंतर भांडण तिथूनच निघते. आमचं पत्रक तहसीलच्या जुन्या रेकॉर्डमध्ये सापडलं, मिळायला वेळ लागला, पण अर्जाची पोच घेऊन ठेवली होती म्हणून मिळालं. तुमचा तालुका कोणता ते कळवा, आमच्याकडचे दोघं येतील बैठकीला.